ऱ्होडेशिया आणि अपंगांच्या आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धा

आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातील ऱ्होडेशिया या भूतपूर्व देशाचा अपंगांच्या आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धांतील सहभाग (१९६०–७२). उत्तरेस झँबीझी व दक्षिणेस लिंपोपो या नद्यांच्या दरम्यानचा हा प्रदेश १८ एप्रिल १९८० पासून झिंबाब्वे या नावाने स्वतंत्र राष्ट्र म्हणून ओळखला जातो. तत्पूर्वी तो दक्षिण ऱ्होडेशिया ही ब्रिटिश वसाहत होता. १९६५ नंतर तेथे अल्पसंख्य गोऱ्यांची राजवट होती आणि तिला जगातील एकाही राष्ट्राने अधिकृत मान्यता दिली नव्हती. रोम (१९६०), टोकिओ (१९६४), तेल आवीव्ह (१९६८) व हायडलबर्ग (१९७२) अशा लागोपाठ चार स्पर्धांत या देशाचे अपंग खेळाडू उतरले. यांपैकी शेवटच्या दोन स्पर्धांच्या वर्षी त्याच देशाच्या धडधाकट खेळाडूंना मात्र ऑलिंपिक सामन्यांत प्रवेश मिळू शकला नाही. एकाच देशाच्या दोन संघांना इतका भिन्न न्याय का मिळाला, हा या विषयातील मुख्य प्रश्न होय. खिलाडूवृत्तीने राजकारणावर मात केली, हे त्याचे सामान्यतः दिले जाणारे उत्तर अपुरे आहे. या खेळाडूंकडे जग त्या काळी राष्ट्राचे प्रतिनिधी म्हणून पाहत नव्हते. ते त्यांना प्रामुख्याने रुग्ण समजत होते, हे स्पष्टीकरण वस्तुस्थितीच्या अधिक जवळ जाते.

या स्पर्धांचा उगम इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथील रुग्णालयात झाला. लूटव्हिख गुटमान (१८९९–१९८०) हे जर्मनीतील ज्यू मज्जाशल्यविशारद नाझी राजवटीतील छळामुळे १९३९ मध्ये इंग्लंडला आले. मेरुरज्जूस इजा झालेल्या सैनिकांसाठी १ फेब्रुवारी १९४४ रोजी स्टोक मँडेव्हिल येथे एक स्वतंत्र विभाग सुरू करण्यात आला व त्याची सूत्रे त्यांच्याकडे सोपविण्यात आली. कमरेखालचे शरीर लुळे पडलेला रुग्ण फार काळ जगत नाही, अशी त्या वेळच्या वैद्यकांची सर्वसाधारण समजूत होती. गुटमान यांनी रुग्णांची कूस ठराविक वेळाने बदलणे, मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग टाळणे या साध्या पण काटेकोर उपायांनी ती खोटी ठरविली. उपचाराचाच एक भाग म्हणून त्यांनी रुग्णांना खेळ शिकविले. २९ जुलै १९४८ रोजी, म्हणजे लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांचे उद्‌घाटन झाले त्याच दिवशी, रुग्णालयाच्या हिरवळीवर १६ माजी सैनिकांची व सैनिकी सेवेतील स्त्रियांची तिरंदाजीची स्पर्धा झाली. १९५२ मध्ये नेदर्लंड्‌सचे माजी सैनिक येऊन मिळाल्याने तिला आंतरराष्ट्रीय रूप आले. १९५६ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने या कार्याबद्दल फर्नली चषक देऊन तिचा गौरव केला.

या उगमामुळे स्पर्धांची घडण ऑलिंपिकहून अगदी वेगळी झाली. ऑलिंपिक सामन्यांत देशाची राष्ट्रीय ऑलिंपिक समिती संघ पाठविते. तिची मान्यता रद्द झाली की संघाचा मार्गच खुंटतो. स्टोक मँडेव्हिलच्या स्पर्धांना संघ पाठविणाऱ्या संस्था म्हणजे रुग्णालये, पुनर्वसन केंद्रे, माजी सैनिकांच्या संघटना व धर्मादाय मंडळे होत. त्यांचा पत्रव्यवहार गुटमान व त्यांच्या समितीशी चाले आणि निमंत्रण कोणाला द्यावयाचे याचा निर्णय मुख्यतः वैद्यकीय व क्रीडाविषयक निकषांवर होई. राष्ट्र, वंश, धर्म किंवा राजकीय मत यांवरून कोणाही अपंगाला वगळावयाचे नाही, असा गुटमान यांचा दंडक होता. ज्याला स्वतःच्या वंशामुळे मायदेश सोडावा लागला, त्याच्या ठिकाणी हा आग्रह असणे समजण्यासारखे आहे. परंतु पुढे याच तत्त्वाचा लाभ वंशभेदावर उभ्या असलेल्या राजवटींनाही मिळाला.

रोम येथील स्पर्धा १८ ते २५ सप्टेंबर १९६० या काळात, ऑलिंपिक सामने आटोपल्यावर लगेच भरल्या. आज त्यांना पहिल्या पॅरालिंपिक स्पर्धा म्हणतात. त्या वेळी मात्र त्या स्टोक मँडेव्हिलच्या नवव्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा म्हणूनच ओळखल्या जात. सु. ४०० खेळाडू आले होते व ते सर्व मेरुरज्जूच्या इजेने चाकांची खुर्ची वापरणारे होते. त्यांच्या निवासाच्या इमारती खांबांवर उभारलेल्या असल्याने इटालियन सैनिकांना खेळाडूंना खुर्च्यांसह उचलून जिन्यांवरून ने-आण करावी लागली. अपंगांच्या गरजांचा विचार यजमानांनी त्या वेळी कितपत केला होता, हे यावरून दिसून येते.

दक्षिण ऱ्होडेशिया त्या वेळी उत्तर ऱ्होडेशिया (आताचे झँबिया) व न्यासालँड (आताचे मालावी) यांच्यासह एका संघराज्यात समाविष्ट होता. या चिमुकल्या संघातील मार्गारेट हॅरिमन या महिलेने रोममध्ये तिरंदाजीत दोन सुवर्णपदके मिळविली. तिरंदाजीला या स्पर्धांत आरंभापासून विशेष स्थान होते. धनुष्य ओढताना खांदे, बाहू व पाठीचा वरचा भाग यांचे स्नायू बळकट होतात आणि ज्याला पाय वापरता येत नाहीत त्याच्या शरीराचा तोल याच स्नायूंवर अवलंबून असतो. शिवाय या खेळात चाकांच्या खुर्चीतील खेळाडू उभ्या असलेल्या खेळाडूशी जवळजवळ बरोबरीने स्पर्धा करू शकतो.

संघराज्य १९६३ च्या अखेरीस विसर्जित झाले आणि उत्तर ऱ्होडेशिया २४ ऑक्टोबर १९६४ रोजी झँबिया या नावाने स्वतंत्र झाला. योगायोगाने हाच टोकिओ ऑलिंपिकच्या समारोपाचा दिवस होता. अपंगांच्या टोकिओ येथील स्पर्धा त्यानंतर दोन आठवड्यांनी, ८ ते १२ नोव्हेंबर १९६४ या काळात झाल्या. तेथे ऱ्होडेशियाच्या संघाने १० सुवर्णपदकांसह एकूण १७ पदके मिळविली व पदकांच्या क्रमवारीत अमेरिकेची संयुक्त संस्थाने, ब्रिटन, इटली आणि ऑस्ट्रेलिया यांच्या पाठोपाठ पाचवे स्थान पटकाविले. या आकड्यांवरून फार मोठे अनुमान काढणे मात्र युक्त नव्हे. इजेच्या पातळीनुसार खेळाडूंचे वर्ग पाडलेले असत, प्रत्येक वर्गाला स्वतंत्र पदके असत आणि काही प्रकारांत स्पर्धकांची संख्या अगदीच थोडी असे. एकच खेळाडू तिरंदाजी, जलतरण, भालाफेक व टेबल टेनिस अशा अनेक प्रकारांत उतरत असल्यामुळे चारदोन जिद्दी खेळाडूंचा संघही बरीच पदके मिळवू शके. तरीसुद्धा ज्या देशाचे धडधाकट खेळाडू टोकिओहून एकही पदक न घेता परतले, त्याच देशाच्या अपंग खेळाडूंचे हे यश होते, हे विसरता येत नाही.

त्यानंतर वर्षभरातच देशाचे स्थान पालटले. बहुसंख्य आफ्रिकी जनतेला सत्तेत वाटा मिळाल्याखेरीज स्वातंत्र्य नाही, अशी ब्रिटनची भूमिका होती. ती झुगारून पंतप्रधान इयान स्मिथ यांनी ११ नोव्हेंबर १९६५ रोजी एकतर्फी स्वातंत्र्य घोषित केले. १९६९ च्या जनगणनेनुसार देशात सु. ४८ लक्ष आफ्रिकी व सु. २.२८ लक्ष गोरे होते. परंतु त्याच वर्षीच्या भूधारणा कायद्याने या दोन्ही गटांना प्रत्येकी सु. ४.५ कोटी एकर जमीन वाटून देण्यात आली. दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदनीतीइतकी काटेकोर कायदेशीर चौकट ऱ्होडेशियात नव्हती, असे तिचे समर्थक सांगत; पण शाळा, रुग्णालये, वस्त्या आणि मतदानाचा हक्क यांची वाटणी पाहता सामान्य आफ्रिकी माणसाला या फरकाने फारसा दिलासा मिळण्यासारखा नव्हता.

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीने १९६६ च्या डिसेंबरात निवडक आणि २९ मे १९६८ रोजी ठराव क्र. २५३ अन्वये सर्वंकष निर्बंध लादले. क्रीडाक्षेत्राच्या दृष्टीने या ठरावातील पारपत्रविषयक कलम महत्त्वाचे ठरले. दक्षिण ऱ्होडेशियाचे पारपत्र घेऊन प्रवास करणाऱ्या कोणाही व्यक्तीस सदस्य राष्ट्रांनी आपल्या हद्दीत येऊ देऊ नये, असे त्यात नमूद होते. अपवाद केवळ असाधारण मानवतावादी कारणांचा होता. या ठरावाच्या आधारे मेक्सिकोने १९६८ च्या ऑलिंपिक सामन्यांपासून ऱ्होडेशियाच्या संघाला दूर ठेवले.

अपंगांच्या स्पर्धाही त्या वर्षी मेक्सिको सिटीतच व्हावयाच्या होत्या. तथापि शहराची समुद्रसपाटीपासूनची उंची व सोयींचा अभाव ही कारणे पुढे करून मेक्सिकोने ही जबाबदारी नाकारली. तेव्हा आपल्या स्थापनेचा विसावा वर्धापनदिन साजरा करणाऱ्या इझ्राएलने ती स्वीकारली. ४ ते १३ नोव्हेंबर १९६८ या काळात तेल आवीव्हजवळील रामात गान येथे स्पर्धा झाल्या व ऱ्होडेशियाचा संघ त्यांत सहभागी झाला. इझ्राएलही संयुक्त राष्ट्रांचे सदस्य राष्ट्र होते. स्पर्धा मेक्सिकोतच झाल्या असत्या, तर ऱ्होडेशियाच्या अपंग खेळाडूंची गतीही बहुधा त्यांच्या धडधाकट बांधवांसारखीच झाली असती. यजमान शहर बदलले, या आकस्मिक घटनेचा त्यांना लाभ झाला असे म्हणता येईल. स्पर्धा चालू असतानाच, ११ नोव्हेंबर रोजी, सॉल्झबरी (आताचे हरारे) येथे ब्रिटिश ध्वजाची खूण असलेले निशाण उतरवून हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचे नवे निशाण चढविण्यात आले. ज्या देशाचे नाव घेऊन हे खेळाडू खेळत होते, त्याचे राजकीय स्वरूप असे त्यांच्या पाठीमागे बदलत होते.

भारताचा संघही तेल आवीव्हला प्रथमच आला होता. भारताने इझ्राएलला १९५० मध्ये मान्यता दिली असली, तरी दोन्ही देशांत पूर्ण राजनैतिक संबंध १९९२ पर्यंत प्रस्थापित झाले नव्हते. अपंगांच्या संघाच्या प्रवासाकडे शासने काणाडोळा करीत, याचे हेही एक उदाहरण होय. ही सवलत केवळ ऱ्होडेशियापुरती नव्हती.

या सवलतीचा लाभ देशातील कोणत्या अपंगांपर्यंत पोहोचू शकत होता, हा प्रश्न मात्र उरतो. मेरुरज्जूची इजा झालेली व्यक्ती खेळाडू होण्यासाठी प्रथम जगली पाहिजे. त्याकरिता तातडीचे रुग्णवाहन, प्रशिक्षित परिचारिका, महिनोन्‌महिने चालणारी शुश्रूषा, योग्य मापाची चाकांची खुर्ची व घरी परतल्यावर नियमित तपासणी यांची गरज असते. ऱ्होडेशियात गोऱ्यांची व आफ्रिकींची रुग्णालये वेगळी होती. बूलावायो येथील आफ्रिकींसाठीचे मोठे म्पिलो रुग्णालय १९५८ मध्ये सुरू झाले. बहुसंख्य आफ्रिकी जनता ग्रामीण राखीव प्रदेशांत राहत असे आणि तेथे चाकांची खुर्ची मिळाली, तरी ती चालविण्याजोगा रस्ता नसे. आंतरराष्ट्रीय संघात कोणी जावे याला क्रीडासमितीने बंदी न घालताही ही परिस्थितीच त्याचा निर्णय करीत होती. गुटमान यांच्या नियमावलीत वंशाला स्थान नव्हते; परंतु खेळाडू त्यांच्यापर्यंत पोहोचण्याआधीच त्यांची निवड वंशाने झालेली असे.

आफ्रिकी अपंगांसाठी जे थोडे कार्य झाले, त्याचे श्रेय मुख्यतः जायरॉस जिरी (१९२१–८२) यांना जाते. बूलावायोमध्ये मद्याच्या दुकानात बाटल्या धुण्याचे काम करणाऱ्या या गृहस्थाने रस्त्यावर भीक मागणाऱ्या अपंगांना आपल्या घरी आणून त्यांना हस्तव्यवसाय शिकविण्यास प्रारंभ केला. १९५० मध्ये त्यांनी स्थापन केलेली जायरॉस जिरी संस्था आफ्रिकेतील या क्षेत्रातील एक मोठी संस्था बनली. कातडीकाम, सुतारकाम, टोपल्या विणणे व संगीत यांचे शिक्षण तेथे मिळे. स्टोक मँडेव्हिलमध्ये रुग्णाला धनुष्य दिले जाई, त्या वयात बूलावायोच्या अपंगाला प्रथम पोट भरण्याचे साधन द्यावे लागे. या संस्थेत वाढलेल्या पिढीतूनच १९७० नंतर स्वतःच्या हक्कांसाठी संघटित होणारे अपंग कार्यकर्ते निर्माण झाले. पुढे बूलावायोचे महापौर झालेले जोशुआ मलिंगा हे त्यांपैकी एक होत.

या इतिहासातील सर्वांत बोलका अध्याय १९७२ च्या ऑगस्टमध्ये पश्चिम जर्मनीत घडला. म्यूनिकच्या ऑलिंपिक नगरातील घरे सामने संपताच खाजगी मालकांच्या ताब्यात द्यावयाची असल्याने अपंगांच्या स्पर्धा हायडलबर्ग या विद्यापीठनगरीत घेण्यात आल्या आणि त्या ऑलिंपिकच्या आधी, ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात, पार पडल्या. चाळीसहून अधिक देशांतील सु. १,००० खेळाडू त्यांत होते. मानेतील मेरुरज्जूच्या इजेने चारही अवयव दुबळे झालेल्यांसाठी येथे प्रथमच स्वतंत्र प्रकार ठेवण्यात आले व अंधांसाठी काही प्रात्यक्षिक सामने झाले. ज्या देशातून तेहतीस वर्षांपूर्वी परागंदा व्हावे लागले, त्याच देशात गुटमान आपल्या स्पर्धांचे नेतृत्व करीत होते. ऱ्होडेशिया व दक्षिण आफ्रिका या दोन्ही देशांचे संघ तेथे उपस्थित होते. पश्चिम जर्मनी संयुक्त राष्ट्रांचे सदस्य सप्टेंबर १९७३ मध्ये झाले, ही गोष्टही येथे लक्षात घेण्याजोगी आहे.

हायडलबर्गच्या स्पर्धा संपून दोन आठवडे होण्याच्या आतच म्यूनिकमध्ये ऱ्होडेशियाच्या दुसऱ्या संघावरून वादळ उठले. १९७१ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने एक तडजोड सुचविली होती : संघाने दक्षिण ऱ्होडेशिया हे जुने नाव, ब्रिटिश छाप असलेला जुना वसाहतकालीन ध्वज आणि ब्रिटनचे राष्ट्रगीत स्वीकारावे. स्मिथ राजवट या अटी मान्य करणार नाही, असा आफ्रिकी प्रतिनिधींचा होरा होता. राजवटीने त्या मान्य केल्या व काही कृष्णवर्णी खेळाडूंचाही समावेश असलेला संघ म्यूनिकला पोहोचला. तेव्हा खेळाडू ब्रिटिश पारपत्रांऐवजी ऑलिंपिक ओळखपत्रांवर आले, हा तांत्रिक मुद्दा उपस्थित करून आफ्रिकी राष्ट्रांनी सामूहिक बहिष्काराचा इशारा दिला. उद्‌घाटनास चार दिवस उरले असताना, २२ ऑगस्ट रोजी, समितीने ३६ विरुद्ध ३१ मतांनी निमंत्रण मागे घेतले. तिघे तटस्थ राहिले. इझ्राएली खेळाडूंच्या हत्याकांडानंतर ६ सप्टेंबरला झालेल्या शोकसभेत समितीचे अध्यक्ष ॲव्हरी ब्रंडेज यांनी हे हत्याकांड आणि ऱ्होडेशियाचा वाद यांचा एकाच दमात उल्लेख केला. त्या अनुचित तुलनेवर कठोर टीका झाली आणि ती रास्त होती.

एकाच महिन्यात, एकाच देशाच्या भूमीवर, एकाच राजवटीच्या दोन संघांपैकी एक खेळून परतला आणि दुसऱ्याला खेळू न देता परत पाठविण्यात आले. आफ्रिकी राष्ट्रांचा क्रीडाबहिष्कार १९६६ मध्ये स्थापन झालेल्या आफ्रिकी सर्वोच्च क्रीडा परिषदेमुळे सुसंघटित झाला होता. पण त्याचे बळ जेथे कॅमेरे, प्रेक्षक व राष्ट्रप्रतिष्ठा पणाला लागलेली असे तेथेच एकवटले होते. शिवाय अपंगांच्या स्पर्धांत संघ पाठवू शकणारे आफ्रिकी देश मोजकेच असल्याने सामूहिक बहिष्काराच्या धमकीला तेथे वजनही आले नसते. जी उपेक्षा अपंग खेळाडूंना एरवी डाचत असे, तिनेच ऱ्होडेशियाच्या संघाला आडोसा दिला.

हायडलबर्गमधील भारतीय संघाकडे पाहिल्यास हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने दिसते. सांगली जिल्ह्यातील इस्लामपूर परिसरात जन्मलेले मुरलीकांत पेटकर हे भारतीय सैन्यातील जवान १९६५ च्या भारत-पाक युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले होते. हायडलबर्गमध्ये ५० मी. मुक्त शैलीची जलतरण-शर्यत त्यांनी ३७.३३ सेकंदांत जिंकली. या स्पर्धांतील भारताचे हे पहिले वैयक्तिक सुवर्णपदक होय. दक्षिण आफ्रिकेतील वंशभेदाचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांपुढे १९४६ मध्ये प्रथम नेणारा देश भारतच होता आणि १९७४ मध्ये डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत दक्षिण आफ्रिकेशी खेळण्यास नकार देऊन भारताने तो चषक सोडून दिला. तोच भारत १९७२ मध्ये दक्षिण आफ्रिका व ऱ्होडेशिया यांच्यासह एकाच स्पर्धेत सहभागी झाला होता आणि त्यावरून देशात काही गदारोळ माजला नाही. पेटकरांच्या सुवर्णपदकाचीही देशाने त्या वेळी फारशी दखल घेतली नाही, पद्मश्री मिळण्यास त्यांना २०१८ पर्यंत वाट पाहावी लागली. या दोन्ही गोष्टींचे मूळ एकच आहे.

चार वर्षांत परिस्थिती बदलली. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने १९७५ मध्ये ऱ्होडेशियाची मान्यता काढून घेतली. १९७६ च्या ऑगस्टमध्ये कॅनडातील टोराँटो येथे भरलेल्या अपंगांच्या स्पर्धांतील सहभागी देशांत ऱ्होडेशियाचे नाव नव्हते. या स्पर्धा आधीच्यांहून बऱ्याच मोठ्या होत्या. अवयवच्छेद झालेले व अंध खेळाडू प्रथमच पदकांसाठी उतरले व खेळाडूंची एकूण संख्या दीड हजारांवर गेली. न्यूझीलंडच्या रग्बी संघाने दक्षिण आफ्रिकेचा दौरा केल्याच्या निषेधार्थ वीसहून अधिक आफ्रिकी देशांनी माँट्रिऑल ऑलिंपिकवर नुकताच बहिष्कार टाकला होता. ऱ्होडेशिया नसला, तरी दक्षिण आफ्रिकेचा संघ टोराँटोला आला. तो संमिश्र वंशाचा असल्याचे सांगून गुटमान यांनी त्याचे समर्थन केले. परंतु कॅनडाच्या केंद्र सरकारने देऊ केलेले अनुदान रोखून धरले आणि केनिया, युगोस्लाव्हिया, जमेका, हंगेरी, पोलंड इ. देशांनी माघार घेतली. माघार घेणाऱ्यांत भारतही होता.

हायडलबर्गला जे खपले ते टोराँटोला का खपले नाही, याचे एक कारण बहिष्काराची वाढलेली धार हे आहेच. १९७६ च्या जूनमध्ये सोवेटो येथे विद्यार्थ्यांवर झालेल्या गोळीबाराने जगाचे मत अधिकच प्रक्षुब्ध झाले होते. तथापि दुसरे कारणही तितकेच महत्त्वाचे आहे. शासकीय अनुदान, मोठे क्रीडांगण, राष्ट्रध्वजांचे संचलन आणि वृत्तपत्रांतील चर्चा यांमुळे या स्पर्धांना आता राष्ट्राराष्ट्रांतील सामन्यांचे स्वरूप आले होते. तेव्हा अशा सामन्यांचे नियम त्यांनाही लागू झाले. अपंगांना खेळाडू म्हणून वागवावे ही मागणी गुटमान तीस वर्षे करीत होते. ती मान्य होऊ लागताच तिच्याबरोबर येणारे राजकीय उत्तरदायित्व त्यांना नको होते. या बाबतीत त्यांच्या भूमिकेत विसंगती होती, असे म्हणणे भाग आहे. त्याचबरोबर, बहिष्काराची किंमत ज्या व्यक्तींनी मोजली त्यांच्यापाशी पुढच्या स्पर्धेपर्यंत टिकेल अशा प्रकृतीची हमी इतरांपेक्षा कमी होती, हेही नाकारता येत नाही.

दरम्यान ऱ्होडेशियातील सशस्त्र संघर्ष १९७२ च्या डिसेंबरपासून तीव्र झाला. गावोगावच्या रस्त्यांवर व सीमाभागात पेरलेल्या भूसुरुंगांनी शेतकरी, बसचे उतारू, सैनिक आणि मुक्तिसैनिक यांना सारखेच पंगू केले. ज्या युद्धजन्य इजांमधून स्टोक मँडेव्हिलचे कार्य उभे राहिले होते, तशाच इजा झालेल्यांची संख्या देशात वाढत होती आणि नेमक्या याच काळात त्या देशाला आंतरराष्ट्रीय स्पर्धांत स्थान उरले नव्हते.

लँकेस्टर हाउस येथील करारानंतर निवडणुका होऊन १८ एप्रिल १९८० रोजी झिंबाब्वे स्वतंत्र झाला. त्यानंतर दोनच महिन्यांनी नेदर्लंड्‌समधील आर्नेम येथे भरलेल्या अपंगांच्या स्पर्धांत झिंबाब्वेचा संघ नव्या नावाने उतरला. त्याच स्पर्धांतून दक्षिण आफ्रिकेला, डच संसदेने तिचा सहभाग अनिष्ट ठरविल्यामुळे, वगळण्यात आले. तिचे पुनरागमन १९९२ मध्ये बार्सेलोना येथे झाले. आर्नेमच्या स्पर्धा पाहण्यास गुटमान हयात नव्हते. १८ मार्च १९८० रोजी त्यांचे निधन झाले होते.

रोममध्ये ऱ्होडेशियासाठी पदके मिळविणाऱ्या मार्गारेट हॅरिमन यांनी १९६८ पासून दक्षिण आफ्रिकेचे प्रतिनिधित्व केले. टोराँटोनंतर वीस वर्षांनी, १९९६ च्या अटलांटा येथील स्पर्धांत, हिरवळीवरील गोलंदाजीच्या खेळात त्यांनी कांस्यपदक मिळविले. आंतरराष्ट्रीय पॅरालिंपिक समितीची स्थापना १९८९ मध्ये झाली. तिच्या अभिलेखांत ऱ्होडेशियाची १९६० ते १९७२ या काळातील पदके झिंबाब्वेच्या खाती जमा केलेली नाहीत. ती ऱ्होडेशिया या स्वतंत्र नावाखालीच नोंदलेली आहेत.